कपातल्या कॉफीचं गाव

पनामातल्या बोकेते या डोंगराळ भागात हासिएंदा ला एस्मेराल्दा नावाचा कॉफीचा मळा आहे, पीटरसन कुटुंबाच्या मालकीचा. मळ्याच्या वेगवेगळ्या भागांतली कॉफी एकत्र न करता निरनिराळी चाखून पाहायची, असं या कुटुंबाने एकदा ठरवलं. सगळ्यात उंचावरच्या पट्ट्यातल्या काही झाडांची कॉफी बाकीच्या मळ्याशी काहीच नातं नसल्यासारखी निघाली. जाईच्या फुलांचा वास, लिंबूवर्गी फळांचा तजेला, चहासारखा हलका घोट. २००४ साली हीच कॉफी ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर भावाने विकली गेली. त्या वेळी तो विक्रम होता.

या झाडाच्या वाणाचं नाव गेशा. मूळचं इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या जंगलातलं. १९३० च्या दशकात तिथून त्याचं बी गोळा झालं, पूर्व आफ्रिकेतल्या संशोधन केंद्रांतून फिरत १९५३ मध्ये ते कोस्टारिकातल्या काटिए या संस्थेत पोचलं आणि १९६० च्या दशकात पनामात आलं. तांबेरा रोगापुढे ते टिकेल, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. उत्पन्न कमी, फांद्या ठिसूळ, त्यामुळे शेतकऱ्यांचा उत्साह लवकरच मावळला. म्हणजे ही चव जवळपास चाळीस वर्षं पनामाच्या डोंगरात होती आणि दर हंगामात इतर कॉफीच्या पोत्यांत मिसळून नाहीशी होत होती.

कॉफीच्या चवीत जागेचा वाटा किती, हे समजून घ्यायला मला ही हकिकत फार मोलाची वाटते. झाड इथिओपियाचं होतं. डोंगर पनामाचा होता, आणि खालच्या उबदार उतारांवर हेच झाड बरीच साधारण कॉफी देतं. पण त्या झाडाचं आणि डोंगराचं जे काही जमलं होतं ते कळलं कधी, तर कुणीतरी ती फळं वेगळी ठेवून चाखली तेव्हा. जागेची चव असते, यात मला शंका नाही. मात्र ती आपोआप कपापर्यंत येत नाही.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द रूढ झाला तो १९७४ पासून. नॉर्वेत जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीचा व्यापार करणाऱ्या एर्ना नुटसन यांनी एका व्यापारी मासिकात तो वापरला. विशिष्ट भूभागाच्या खास हवामानात पिकलेली, स्वतःची वेगळी चव असलेली कॉफी, असा त्यांचा अर्थ होता. पुढे चव तपासणाऱ्यांनी १०० गुणांची पट्टी तयार केली आणि ८० च्या वरची निर्दोष कॉफी या वर्गात धरली जाऊ लागली. गुणांची पट्टी व्यापाराला सोयीची आहे. नुटसन यांची मूळ कल्पना मात्र गुणांची नव्हती, गावाची होती.

आता ही चव तयार कशी होते ते पाहू. आपण ज्याला कॉफीची बी म्हणतो ती एका लाल, गोडसर फळाच्या पोटातली बी. उद्या तिच्यातून रोप उगवायचं असतं म्हणून झाड तिच्यात साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि आम्लं साठवून ठेवतं. कच्च्या बीला चॉकलेटचा किंवा जाईचा वास नसतो, तिला वाळल्या गवतासारखा वास येतो. दोनशे अंशांच्या आसपास भाजल्यावर हा साठा फुटतो, एकमेकांशी रासायनिक क्रिया करतो आणि सुगंधाची शेकडो द्रव्यं तयार होतात. भाजलेल्या कॉफीत अशी आठशेहून अधिक द्रव्यं सापडलेली आहेत. भाजणारा कितीही कसबी असला तरी बीमध्ये जे साठलेलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. साठा मळ्यातच ठरतो.

तो ठरण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे वेळेचा, आणि वेळ ठरते थंडाव्यावर. डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. अरेबिका जातीच्या झाडाला वर्षाचं सरासरी तापमान १८ ते २२ अंश असलेलं मानवतं. त्याहून उष्ण जागी फळ घाईने पिकतं. रंग लाल होतो, पण आतली बी पुरती भरलेली नसते. थंड जागी, विशेषतः जिथे रात्री गारठा पडतो तिथे, झाडाचा श्वास मंदावतो, दिवसा तयार झालेलं अन्न रात्री कमी खर्च होतं आणि फळ हळूहळू मुरत पिकतं. बी घट्ट, जड आणि कठीण होते. ग्वाटेमालात तर कॉफीची प्रतवारीच या कठीणपणावरून, म्हणजे पर्यायाने उंचीवरून केली जाते. तिथल्या सर्वांत वरच्या प्रतीचं नावच ‘स्ट्रिक्टली हार्ड बीन’ आहे. अशा बीच्या कॉफीत सहसा स्वच्छ, फळासारखा आंबटपणा आणि त्याच्या मागोमाग गोडवा येतो.

हल्ली पाकिटावर १,२०० मीटर, १,८०० मीटर असे आकडे छापलेले असतात आणि जितका आकडा मोठा तितकी कॉफी चांगली असा समज पसरतो आहे. तो अर्धवट आहे. झाडाला उंची कळत नाही, गारवा कळतो. विषुववृत्ताजवळच्या कोलंबियात १,८०० मीटरवर जो गारवा मिळतो तो विषुववृत्तापासून दूर गेल्यावर बराच खाली मिळतो. हवाई बेटावरचा कोना हा कॉफीचा प्रसिद्ध पट्टा साधारण मुंबईच्याच अक्षांशावर येतो, आणि तिथे अगदी दीडशे मीटरपासून नऊशे मीटरपर्यंत उत्तम अरेबिका होते. दुपारी डोंगरावर ढग जमतात आणि उन्हाचा ताव उतरतो, हेही त्यामागचं एक कारण. आपल्याकडे कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीच्या रांगेत १,००० ते १,५०० मीटरवर कॉफी आहे. महाराष्ट्रातही मेळघाटातल्या चिखलदऱ्याला सुमारे ११०० मीटर उंचीवर कॉफीची लागवड आहे, आणि राज्यात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण हेच. तेव्हा उंचीचा आकडा वाचायचा तो नेहमी अक्षांशासोबत.

बाबाबुडनगिरीचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडं थांबायला हवं. बाबा बुडन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. कथेतले तपशील बाजूला ठेवले तरी भारतातली कॉफी या डोंगरापासून सुरू झाली हे सर्वमान्य आहे. आणि इथली कॉफी जगातल्या बऱ्याच कॉफीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे: ती सावलीत वाढते. ब्राझीलमध्ये उघड्या पठारावर ओळीने लावलेली झाडं मैलोन्‌मैल दिसतात. चिकमगळूर आणि कोडगूत मळा बाहेरून पाहिला तर जंगलच वाटतं. वर फणस, उंबराच्या जातीची झाडं, शिसव, सिल्व्हर ओक. त्यांच्याखाली पांगाऱ्यासारख्या झाडांचा दुसरा थर, आणि सगळ्यात खाली कॉफी. वरच्या झाडांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले.

ही सावली चवीचं काय करते? कोस्टारिकात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सावलीतल्या झाडांची फळं उन्हातल्यांपेक्षा जवळपास महिनाभर उशिरा पिकत असल्याचं दिसलं. बिया मोठ्या होत्या, त्यांत स्निग्धांश जास्त होता आणि कपातला कडवटपणा व तुरटपणा कमी होता. म्हणजे उंचीवरचा गारवा जे काम करतो त्यातलं काही काम सावली करते. पश्चिम घाट अँडीजइतका उंच नाही. इथल्या मळेवाल्यांनी जंगलाचं छत राखलं, त्यामुळे उंचीतली उणीव काही प्रमाणात भरून निघाली, असं मला वाटतं.

शेजारी मिरी आणि वेलची असल्याने कॉफीत मसाल्याचा स्वाद उतरतो, असं मात्र पुष्कळदा सांगितलं जातं, अगदी पाकिटांवरही छापलं जातं. मुळांतून मिरीचा वास शोषून बीपर्यंत नेण्याची सोय कॉफीच्या झाडात नाही. भारतीय अरेबिकात मसाल्याची छटा जाणवते हे खरं आहे, पण तिचं कारण वाणात शोधावं लागतं. एकोणिसाव्या शतकात तांबेऱ्याने इथले जुने वाण खिळखिळे केले. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफी संशोधनाचं केंद्र आहे. तिथे रोगाला तोंड देतील असे वाण तयार करण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यांतला सर्वांत पसरलेला एस-७९५. त्याच्या वंशात लिबेरिका या वेगळ्याच जातीचा अंश आहे आणि दुसऱ्या बाजूने केंट हा भारतीय मळ्यातच निवडलेला वाण. सौम्य आंबटपणा, भरीव घोट, गुळाची आणि मसाल्याची छटा, ही जी ‘भारतीय’ चव म्हणून ओळखली जाते ती बरीचशी या झाडाची चव आहे. पण हे झाड इथल्या रोगट, दमट हवेला उत्तर म्हणून निवडलं गेलं. त्यामुळे वाणाची चव हीसुद्धा फिरून जागेपाशीच येते.

केनियातही तेच झालं. तिथल्या स्कॉट प्रयोगशाळेने १९३० च्या दशकात निवडलेले एसएल-२८ आणि एसएल-३४ हे वाण माउंट केनियाच्या उतारांवरच्या लाल ज्वालामुखी मातीत रुजले, आणि काळ्या मनुकांसारखी, रसरशीत आंबट अशी न्येरी व किरिन्यागा भागातली कॉफी जगप्रसिद्ध झाली. याचं श्रेय लोक चटकन मातीला देऊन मोकळे होतात. ज्वालामुखीची माती निचऱ्याची आणि सुपीक असते, झाड तिच्यात निरोगी राहतं, एवढं नक्की. मातीतलं अमुक खनिज म्हणजे कपातली तमुक चव, असा सरळ धागा जोडण्याइतका पुरावा मात्र हाती नाही. वाण, उंची आणि फळ तोडल्यानंतरची धुलाई हे तिघे मिळून केनियाची चव घडवतात.

ही धुलाई, म्हणजे फळ तोडल्यानंतरचं काम, हा या विषयातला मला सर्वांत रोचक भाग वाटतो. फळाच्या पोटातून बी काढून ती सुमारे दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायची असते. हे काम कसं करायचं ते शेतकऱ्याच्या आवडीवर फारसं अवलंबून नव्हतं. त्या भागात पाणी किती आहे आणि तोडणीच्या दिवसांत आभाळ कसं असतं यावर ते ठरत आलं. जिथे पाणी कमी आणि ऊन भरपूर, तिथे अख्खं फळच खळ्यावर पसरून वाळवायचं. येमेन आणि इथिओपियातला हरार हे अशा कोरड्या डोंगरांचे प्रदेश. फळ वाळत असताना गराची साखर आंबते आणि बीला दारूसारखा, पिकल्या बोरा-जांभळांसारखा गडद स्वाद येतो. जिथे डोंगरातून बारमाही झरे येतात तिथे गर यंत्राने काढायचा, बीवरचा चिकटा टाकीत आंबवून सोडवायचा आणि भरपूर पाण्याने धुऊन मग वाळवायचं. अशी कॉफी स्वच्छ, हलकी, आंबटगोड लागते. इथिओपियातच यिर्गाचेफे भागात १९७० च्या दशकात धुलाईची केंद्रं आली आणि तिथली फुलांच्या, लिंबाच्या वासाची कॉफी जगाला वेगळी ओळखता येऊ लागली. देश एक, झाडं एकाच कुळातली, पण हरार आणि यिर्गाचेफे चवीने दोन टोकांना.

ब्राझीलमध्ये तोडणीच्या महिन्यांत कोरडं ऊन असतं आणि जमीन सपाट, म्हणून यंत्राने तोडून फळं उन्हात वाळवण्याची पद्धत रुजली. जगातली जवळपास एकतृतीयांश कॉफी एकट्या ब्राझीलची, त्यामुळे कमी आंबट, शेंगदाण्या-चॉकलेटच्या अंगाची तिथली चव म्हणजेच ‘कॉफीची चव’ असं जगाला वाटत आलं. सुमात्रात नेमकं उलट. तिथे वर्षभर पाऊस, बी पूर्ण वाळेपर्यंत थांबणं अशक्य. म्हणून शेतकरी बी अर्धवट ओली, तीस-पस्तीस टक्के ओलाव्याची असतानाच तिच्यावरचं टरफल काढतात आणि मग उघडी बी वाळवतात. या पद्धतीला तिथे गिलिंग बासाह म्हणतात. तिथल्या मांडेलिंग कॉफीचा तो ओल्या मातीचा, देवदाराच्या लाकडाचा, जवळजवळ आंबटपणाविरहित दाट स्वाद या घाईतून आलेला आहे.

भारतात निसर्गाने एक सवलत दिली आहे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढऱ्या फुलांनी भरतो. बहर एकाच वेळी, म्हणून फळंही साधारण एकत्र पिकतात. कोलंबियात वर्षभर पाऊस असल्याने बहर पुन्हापुन्हा येतो आणि तोडणी जवळपास बारा महिने चालू राहते. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी या कोरड्या दिवसांत येते, त्यामुळे धुऊन वाळवणं आणि फळासकट वाळवणं या दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. आणि तिसरी एक वाट आहे, जी जगात फक्त आपल्या पश्चिम किनाऱ्याची: मॉन्सून्ड मलबार.

तिची कुळकथा शिडाच्या जहाजांत आहे. मलबारच्या बंदरांतून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला सहा-सहा महिने लागायचे. लाकडी जहाजाच्या तळाशी, खाऱ्या दमट हवेत बिया फुगायच्या, हिरवा रंग जाऊन पिवळट व्हायच्या, आंबटपणा ओसरायचा. उत्तर युरोपातल्या लोकांना हीच भारतीय कॉफीची चव म्हणून ठाऊक झाली. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास काही आठवड्यांवर आला आणि बिया ताज्या, हिरव्यागार पोचू लागल्या. ती जुनी चव हरवली आणि तिची मागणी मात्र उरली. मग जहाजात जे नकळत घडत होतं ते किनाऱ्यावर मुद्दाम घडवायची पद्धत निघाली.

जून ते सप्टेंबर हे तिचे दिवस. मंगळुरू आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावरच्या, बाजूंनी मोकळ्या गोदामांत फळासकट वाळवलेल्या कॉफीच्या निवडक बिया चार-सहा इंचांच्या थरात पसरतात आणि दाताळ्याने वरचेवर परततात. कोकणात आषाढात बरणीतलं मीठ जसं हवेनेच ओलं होतं, तशा या बिया नैऋत्येच्या वाऱ्यातला ओलावा ओढून घेतात. पुरेशा फुगल्या की सैल पोत्यांत भरून, मधून वारा खेळेल अशा रांगा लावतात, पुन्हा ओततात, पुन्हा भरतात. हे काम १२ ते १६ आठवडे चालतं. लक्ष ढळलं तर बुरशी येऊन माल वाया जातो. शेवटी बी आकाराने जवळपास दुप्पट आणि सोनेरी-फिकट होते. कपात आंबटपणा नावालाच राहतो. घोट जाड, मातकट, थोडा भाजल्या धान्यासारखा. युरोपातले एस्प्रेसोवाले ती मिश्रणात दाटपणासाठी आवर्जून घालतात. स्वच्छ, फुलांचा स्वाद आवडणाऱ्यांना ती कोंदट वाटते, आणि मला तो आक्षेप समजतो. पण जागेने घडवलेली चव म्हणून मी तिला फार वरचं स्थान देईन, कारण इथे झाड, माती, उंची सगळं बाजूला राहतं आणि चव देतो तो निव्वळ पावसाळी वारा.

जागेची प्रत्येक चव चांगलीच असते असं नाही. रुआंडा आणि बुरुंडीतल्या उत्कृष्ट कॉफीत अधूनमधून एखादी बी कच्च्या बटाट्याचा वास घेऊन येते आणि एवढीशी बी अख्खं भांडं बिघडवते. त्या भागात अँटेस्टिया नावाचा ढेकूण फळाला टोचतो, त्याच्याशी या वासाचा संबंध आहे. ब्राझीलच्या रिओ परिसरातल्या दमट हवेत वाळणाऱ्या कॉफीला औषधी, आयोडिनसारखा वास येतो. तिला व्यापारात ‘रिओ’ चव असंच नाव पडलं. जगभरचे पारखी तिला दोष मानतात, तरी पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या काही बाजारांत लोक ती हौसेने पितात. चव चांगली की वाईट हे शेवटी पिणाऱ्याच्या सवयीशीही बांधलेलं असतं.

आपल्याकडची सवय तर दुधाची. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ. दक्षिणेत फिल्टर कॉफीत चिकोरी. या दोन्ही प्रकारांची गोडी मला मान्य आहे, आणि त्यांना दाट, कडक बीच लागते. भारतात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन कॉफी होते, त्यातली सुमारे सत्तर टक्के रोबस्टा. रोबस्टा कमी उंचीवर, अधिक उष्ण हवेत वाढते. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट आणि साखर कमी, म्हणून ती कडू. स्पेशालिटीच्या जगाने तिला बरीच वर्षं दारातच उभं केलं, आणि हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. पिकलेलीच फळं वेचून, धुऊन, सावकाश वाळवलेल्या भारतीय रोबस्टाला ‘रोबस्टा कापी रॉयल’ या नावाने बाहेर मान मिळाला. वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू खोऱ्यातल्या अरेबिकालाही ते मिळालं. मॉन्सून्ड मलबारकडे ते आधीपासूनच होतं.

एवढ्या वेगवेगळ्या चवी देशात असताना त्यांची नावं आपल्या कानावर इतकी उशिरा का आली? याचं उत्तर निसर्गात नाही, व्यवहारात आहे. १९४० च्या दशकापासून भारतातल्या मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावी लागे. बोर्ड ती प्रतवारीनुसार एकत्र करून विकत असे. युद्धकाळात बाजार कोसळला तेव्हा या व्यवस्थेने शेतकरी तगवला, हे विसरता येणार नाही. पण त्यात मळ्याचं नाव पुसलं गेलं. बाबाबुडनगिरीच्या माथ्यावरची बी आणि पायथ्याची बी एकाच पोत्यात. जास्त निगुतीने वाळवण्याचं कारणच उरलं नाही. १९९० च्या दशकात हे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ पर्यंत सगळ्या मळेवाल्यांना आपली कॉफी स्वतः विकता येऊ लागली. इथिओपियातही २००८ मध्ये सुरू झालेल्या वस्तुबाजारात गावागावांची कॉफी प्रतीनुसार एकत्र होऊ लागली होती. २०१७ मध्ये नियम बदलले आणि पुन्हा केंद्राच्या, गावाच्या नावाने निर्यात शक्य झाली.

वेगळं ठेवलं की काय होतं याचं भारतातलं उत्तम उदाहरण अराकू. आंध्र प्रदेशातल्या पूर्व घाटात ९०० ते १,१०० मीटरवर आदिवासी शेतकऱ्यांचे छोटे छोटे तुकडे आहेत. एकेकाकडे जेमतेम दोन-चार एकर. नांदी फाउंडेशन या संस्थेने त्यांच्यासोबत काम करताना पिकलेल्या फळांची निवड, एकाच ठिकाणी काळजीपूर्वक प्रक्रिया आणि प्रत्येक भागातल्या कॉफीची स्वतंत्र चाखणी यावर भर दिला. २०१८ मध्ये पॅरिसच्या प्री एपिक्योर स्पर्धेत अराकू कॉफीला सुवर्णपदक मिळालं. पूर्व घाटाची कॉफी चिकमगळूरच्या मानाने दुय्यम, असा जो समज होता तो या पदकाने मोडला.

या जागा मात्र आता बदलत आहेत. अरेबिकाचा १८ ते २२ अंशांचा पट्टा डोंगरावर वर वर सरकतो आहे, आणि डोंगराला माथा असतो. २०१५ मधल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की कॉफीला योग्य असलेली जमीन २०५० पर्यंत साधारण निम्म्यावर येईल. कोडगूत ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत डोंगर खचले, मळे वाहून गेले. त्याहून गुपचूप होणारं नुकसान तोडणीच्या वेळच्या अवकाळी पावसाचं आहे. पिकलेली फळं तडकतात, खळ्यावरची कॉफी वाळत नाही. उष्ण, कोरड्या वर्षांत पांढरा खोडकिडा अरेबिकाची झाडं पोखरतो आणि कंटाळलेला शेतकरी रोबस्टाकडे वळतो. चिकमगळूरच्या काही भागांत हे सुरूही झालं आहे. सावलीची झाडं तोडून उत्पन्न वाढवण्याचा मोहही आहे. ती तुटली तर पक्षी जातील, पाणी जाईल आणि त्या महिनाभर उशिरा पिकणाऱ्या बीची चवही जाईल.

हा फरक घरी अनुभवता येतो आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. एक पाकीट अराकूच्या किंवा बाबाबुडनगिरीच्या धुतलेल्या अरेबिकाचं, एक मॉन्सून्ड मलबारचं. दोन्ही मध्यम भाजलेली, महिन्याभरातली. दोन कपांत प्रत्येकी सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्या आणि उकळी आलेलं पाणी थोडं निववून दीडशे मिली ओता. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडून बाजूला काढा. दूध-साखर नको. लगेच पिऊ नका, कारण कढत घोटात सगळ्या कॉफ्या सारख्याच लागतात. कोमट होईल तसा पहिल्या कपातला आंबटगोडपणा वर येतो आणि दुसऱ्यातला दाटपणा. त्यानंतर खुशाल जायफळाची कॉफी करा, तीही वेगळी लागेल.

आणि पाकीट घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: मळा कोणता, फळ तोडल्यावर वाळवलं कसं, आणि हंगाम कोणत्या सालचा. ज्याला हे सांगता येतं त्याच्याकडूनच घ्या. मळ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॉफीचाच जादा भाव त्या मळ्यापर्यंत पोचू शकतो, आणि वरची सावली राखणं शेतकऱ्याला त्यातूनच परवडतं.